चार आणि सात टाळून : सतरा पातींच्या कालिंब्याचे परीक्षण

मोबाइलपासून हात सुटावा म्हणून माणसे आजकाल मोबाइलवरूनच ज्या वस्तू मागवतात, त्यांत मोठ्यांसाठीची रंगवायची पुस्तके, डायमंड पेंटिंगचे संच, क्रोशाच्या सुया आणि कालिंबा नावाचे छोटेखानी वाद्य हमखास दिसते. यांतल्या पहिल्या दोन वस्तूंची अडचण अशी, की त्या संपतात. शेवटचा खडा चिकटवून झाला की चित्र भिंतीवर जाते आणि पुन्हा नवा संच मागवावा लागतो. शिवाय दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत दुसऱ्याने ठरवलेला रंग भरताना हात गुंततात, पण डोक्याला फारसे काम उरत नाही. कालिंबा यांहून वेगळा निघतो का, की चार दिवसांची नवलाई ओसरल्यावर तोही माळ्यावर जातो, हा प्रश्न समोर ठेवून हे परीक्षण लिहिले आहे. उत्तर आधीच सांगून टाकायचे तर वाद्य चांगले आहे. त्याच्यासोबत जी शिकवण येते ती मात्र त्याच्या मुळावर उठणारी आहे.

सतरा पातींचा कालिंबा म्हणजे तळहाताहून थोडी मोठी लाकडी पेटी आणि तिच्या माथ्यावर आवळून बसवलेल्या सतरा पोलादी पाती. मधली पात सर्वांत लांब असते आणि तिच्या दोन्ही अंगांना लांबी उतरत जाते. पेटी दोन्ही हातांत धरून अंगठ्यांच्या नखांनी पातींची मोकळी टोके खाली दाबून सोडायची, की स्वर उमटतो. आवाज जलतरंगाच्या जवळ जाणारा आहे आणि त्याचे कारण पदार्थविज्ञानात सापडते. ताणलेल्या तारेचा पहिला उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारा वरचा स्वर, कंपनसंख्येने मूळ स्वराच्या दुप्पट असतो, तर एका टोकाशी घट्ट धरलेल्या सरळ पट्टीचा पहिला उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे ६.२७ पट असतो. हे उपस्वर मूळ स्वराशी सुरेल नाते सांगत नाहीत, पण ते क्षणात विरतात. त्यामुळे सुरुवातीला एक लखलखीत टणत्कार ऐकू येतो आणि मागे फक्त गोल, निखळ स्वर राहतो.

वाद्याचे मूळ आफ्रिकेत आहे. झिंबाब्वेतील शोना लोकांचे 'म्बिरा' हे वाद्य पूर्वजांच्या आत्म्यांना आवाहन करण्याच्या 'बिरा' नावाच्या विधीत वाजवले जाते. मोठा नाद हवा असेल तेव्हा ते पोकळ भोपळ्यात बसवतात आणि भोपळ्याला शिंपले किंवा बाटल्यांची बुचे बांधतात, म्हणजे प्रत्येक स्वराबरोबर एक खरखर ऐकू येते. मलावी आणि झिंबाब्वे या देशांतील ही वाद्य घडवण्याची आणि वाजवण्याची कला युनेस्कोने २०२० मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली. मूळचे इंग्लंडचे, पुढे आफ्रिकेत स्थायिक झालेले संगीतसंशोधक ह्यू ट्रेसी यांनी १९५४ मध्ये आफ्रिकी संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय स्थापन केले आणि त्याच दशकात या वाद्यकुळावरून पाश्चात्त्य सप्तकात लावलेला 'कालिंबा' तयार करून तो जगाच्या बाजारात आणला. आज आपल्या घरी खोक्यातून येणारे, बहुतेक वेळा चिनी बनावटीचे वाद्य हे त्या ट्रेसी-कालिंब्याचे वंशज आहे. म्हणजे त्याच्या अंगावर अगोदरच दोन खंडांचे संस्कार झालेले आहेत, तेव्हा त्यावर आणखी एक आपला करायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

खोक्यात वाद्याखेरीज एक छोटी हातोडी, कापडी पिशवी, अंगठ्यांना घालायच्या टोप्या, पातींवर चिकटवायच्या रंगीत पट्ट्या आणि एक पुस्तिका असते. अंगठ्यांच्या टोप्या बाजूला ठेवाव्यात. त्यांनी स्वर बोथट होतो आणि पात बोटाला जाणवत नाही. अंगठ्यांची नखे थोडी वाढवली की पुरते. पहिले काही दिवस अंगठे हुळहुळतात, पुढे सवय होते. माझ्या हाती आलेल्या पहिल्या नगात एक पात सतत झणझणत होती आणि सर्वांत बाहेरच्या दोन पातींतून स्वराऐवजी केवळ लाकडावर टिचकी मारल्यासारखा ठक्क आवाज येत होता. विक्रेत्याने तो बदलून दिला, पण 'हे असेच असते' असे आधी ऐकवले. ते अर्धेच खरे आहे. झणझण बहुधा पात घोडीवर, म्हणजे तिच्या खालच्या आडव्या टेकूवर, नीट टेकली नसल्यामुळे होते आणि पात किंचित डावी-उजवीकडे सरकवली किंवा खाली कागदाचा बारीक कपटा सरकवला की जाते. म्हणजे शोना वादक जी खरखर मुद्दाम बुचे बांधून मिळवतो, ती आपण कागद लावून घालवतो. टोकाच्या, सर्वांत उंच स्वरांच्या पाती मात्र स्वस्त वाद्यांत अनेकदा मुळातच निर्जीव असतात आणि त्यावर घरगुती इलाज नाही. म्हणून वाद्य आल्याबरोबर त्या टोकाच्या पाती आधी वाजवून पाहाव्यात आणि परत करण्याची मुदत टळू देऊ नये.

आता रचनेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या वाद्याची सगळी गंमत तिथे आहे. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, स्वर डावीकडून उजवीकडे चढत जातात. कालिंब्यावर ते मधून सुरू होऊन आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे उड्या मारतात. मधली पात पांढरी एकचा (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज धरली, तर ऋषभ तिच्या लगेच डावीकडे, गंधार लगेच उजवीकडे, मध्यम पुन्हा डावीकडे, पंचम उजवीकडे, असे ते दोन सप्तकांच्याही थोडे पुढे, अतितार गंधारापर्यंत जातात. सरळ सप्तक वाजवायचे म्हटले की दोन्ही अंगठ्यांना चालल्यासारखे एकाआड एक पाऊल टाकावे लागते. दुसरी खुबी अशी, की प्रत्येक स्वर पुढच्या सप्तकात विरुद्ध हाताला जातो : मध्य ऋषभ डावीकडे, तर तार ऋषभ उजवीकडे. सुरुवातीला यामुळे डोके गरगरते. पण एकाच बाजूच्या शेजारशेजारच्या तीन पाती एका अंगठ्याने सरकन छेडल्या की बहुतेक वेळा सुरेल त्रिस्वरी, म्हणजे तीन स्वरांचा मेळ, ऐकू येते, आणि चूक झाली तरी ती कानाला बोचत नाही. नवशिक्याला धीर देणारी ही सोय बासरीत नाही, जिथे नुसती फुंक बसायलाच आठवडे जातात, आणि व्हायोलिनमध्ये तर नाहीच नाही.

पातींवर स्वरांची इंग्रजी अक्षरे आणि त्यांच्या जोडीला १ ते ७ हे आकडे कोरलेले असतात आणि सप्तक बदलले की त्यांना टिंब लागते. ज्यांनी शाळेत किंवा गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांसाठी स्वरलेखन गिरवले आहे, त्यांना ही टिंबे ओळखीची वाटतील. या आकड्यांचा मला सापडलेला सर्वांत चांगला उपयोग म्हणजे त्यांतले दोन टाळणे. ४ आणि ७ या आकड्यांच्या पातींवर रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात आणि त्यांना हात लावायचा नाही असे ठरवावे. उरलेल्या पाच स्वरांत १ ला षड्ज मानून खेळू लागले, की तो भूप राग होतो. तेच पाच स्वर ठेवून केवळ षड्ज हलवायचा. २ ला षड्ज मानला की मध्यमाद सारंगाचे स्वर हाती येतात. ३ ला षड्ज मानला की मालकंस उभा राहतो. ५ ला मानला की दुर्गा, आणि ६ ला मानला की धानी. एकही पात न हलवता, एकही स्वर न वाढवता, केवळ मुक्काम बदलल्याने पाच वेगवेगळे भाव उमटतात. मूर्च्छनेचा हा सिद्धान्त अनेकांनी पुस्तकात वाचलेला असतो. पण भूपात रमलेला अंगठा नकळत ३ वर रेंगाळू लागतो आणि अचानक खोलीतले वातावरण गंभीर होते, तेव्हा तो प्रथमच कळल्यासारखा वाटतो. माझ्या मते या वाद्याचे पैसे इथे वसूल होतात.

पाचऐवजी सातही स्वर घेतले तर व्याप आणखी वाढतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी, म्हणजे रागांची वर्गवारी करणाऱ्या सात स्वरांच्या साच्यांपैकी, सहा थाट या वाद्यावर पात न हलवता मिळतात : १ पासून बिलावल, २ पासून काफी, ३ पासून भैरवी, ४ पासून कल्याण, ५ पासून खमाज आणि ६ पासून आसावरी. ७ पासून सुरुवात केली तर शुद्ध पंचम सापडत नाही, म्हणून तो षड्ज सोडून द्यावा लागतो. यांतला ४ हा षड्ज, म्हणजे पांढरी चार, मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्याच्या खाली मंद्र पंचम, धैवत आणि निषाद असे तीन स्वर शिल्लक राहतात. यमनाची 'नि रे ग' ही सुरुवात त्यामुळे करता येते : मध्याच्या उजवीकडची पहिली पात, मग दुसरी, आणि मग डावीकडची तिसरी. पुढे तीव्र मध्यम उजवीकडे तिसरा आणि पंचम डावीकडे चौथा. हे वाचायला किचकट आहे, पण अंगठ्यांना ते दोन-तीन संध्याकाळीत पाठ होते आणि त्यानंतर डोळे मिटून वाजवता येते. डोळे मिटून वाजवता येणे हा या परीक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा गुण आहे. दिवसभर पडद्याकडे पाहिलेल्या माणसाला पाहण्याच्या कामातून सुटी हवी असते.

संगीताचे जाणकार इथे थांबवतील, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला असे होत नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच असूनही त्यांच्यात अंतर आहे, ते चलनाचे आणि कुठल्या स्वरावर वजन द्यायचे याचे. शिवाय कालिंब्यावर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नाही, आंदोलन (स्वर हळुवार झुलवणे) नाही, गमक (स्वर जोरदार हलवणे) नाही आणि स्वर लांबवताही येत नाही. छेडलेला स्वर काही क्षणांत विरतो, त्यामुळे विलंबित आलापी त्यावर निव्वळ अशक्य आहे. पोकळ पेटीच्या कालिंब्याला मागे दोन छिद्रे असतात. ती मधल्या बोटांनी झाकता-उघडता स्वर थरथरतो, पण तो मींडेचा पर्याय नव्हे. स्वर समान अंतरांवर बांधलेले असल्यामुळे तानपुऱ्याबरोबर गंधार किंचित चढा वाटतो. हार्मोनियमच्या पेटीवर यांतले बरेच आक्षेप घेतले गेले, १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने तिला दूर ठेवले, आणि तरीही महाराष्ट्रातल्या भजनी मंडळांपासून नाट्यगृहांपर्यंत ती कोणी सोडली नाही. कालिंब्याची तेवढी योग्यता मी म्हणत नाही. शास्त्रीय संगीत शिकायचे असेल तर गुरू गाठावा आणि गळा किंवा खरे वाद्य हाती घ्यावे. पण ज्याला शिकायचे नाही, केवळ स्वतःसाठी स्वरांशी खेळायचे आहे, त्याला वाद्याची ही उणीव चालून जाते. लांबणारा स्वर नसल्यामुळे रिकामी जागा भरायला काहीतरी सुचवावे लागते, आणि जे सुचते ते आपले असते.

आता तक्रारीचा भाग. वाद्यासोबतची पुस्तिका आणि तिच्यावर छापलेले संकेतचिन्ह स्कॅन केल्यावर उघडणारी ध्वनिचित्रे नवशिक्याला पहिल्या मिनिटापासून आकड्यांची चाकरी करायला लावतात. पडद्यावर आकडे वरून खाली घसरत येतात, योग्य आकडा रेषेला टेकला की ती पात छेडायची, आणि अशा रीतीने पहिल्याच दिवशी एखादी ओळखीची चाल वाजते. आनंद होतो, हे मान्य. पण ज्या पडद्यापासून दूर जाण्यासाठी वाद्य आणले, त्याच पडद्यासमोर माणूस पुन्हा बसतो, दोन्ही अंगठ्यांना दुसऱ्याचा हुकूम पाळायला लावतो आणि चाल संपली की पुढची सुचवलेली चाल उघडतो. कान कुठेच कामाला लागत नाही. अशा पद्धतीने डझनभर चाली वाजवणाऱ्या एका तरुण नातेवाइकाला मी पडदा बंद करून त्यांतली कोणतीही एक चाल वाजवायला सांगितले, तेव्हा पहिल्या ओळीनंतर त्याचे अंगठे थबकले. कालिंबे माळ्यावर जाण्याचे कारण मला हेच वाटते.

याला उपाय जुनाच आहे. लहानपणापासून कानावर असलेली एखादी आरती, ओवी किंवा बडबडगीत घ्यावे, ते आधी गुणगुणावे आणि मग ते स्वर पातींवर चाचपडत शोधावेत. घरोघरी पारंपरिक चालीत म्हटल्या जाणाऱ्या आरत्या या कामाला फार चांगल्या, कारण त्यांचा पल्ला लहान असतो आणि त्या कोणाला पुस्तकात पाहाव्या लागत नाहीत. पहिली ओळ शोधायला पाऊण तास लागला तरी हरकत नाही. शोधलेली ओळ विसरली जात नाही, आणि शोधताना चुकून लागलेल्या एखाद्या वळणातून कधी कधी नवीच चाल निघते. माझ्या घरी अशा दोन-चार चाली साठल्या आहेत. त्या कोणाला ऐकवण्याजोग्या नाहीत आणि त्यांना नावेही नाहीत. आमच्याकडे वीज गेली की पूर्वी भेंड्या आणि पत्ते निघत, आता बॅटरीवरचा मोबाइल निघतो. कालिंब्याने दोन्ही अंगठे अडकवून ठेवलेले असल्यामुळे निदान वाजवताना तरी तो निघत नाही.

मोबाइलचा एकच उपयोग मी या कामात ठेवला आहे, तो स्वर जुळवण्यासाठी. नवे वाद्य प्रवासात हमखास उतरते किंवा चढते. घरात नीट लावलेली हार्मोनियमची पेटी असेल तर तिच्याशी मिळवणे कानासाठी अधिक चांगले. नसेल तर स्वर मोजणारे मोफत ॲप पुरते. हातोडीने पात वरच्या बाजूला ढकलली की तिचा कंप पावणारा भाग आखूड होऊन स्वर चढतो; खाली ओढली की उतरतो. यात हात फार हलका हवा. पातीची लांबी सुमारे तीन टक्क्यांनी बदलली की स्वर अर्ध्या पायरीने सरकतो, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आखूड पातीत एक मिलिमीटरही पुरेसा होतो. जोरात ठोकाठोकी करण्यापेक्षा टिचकीएवढे आघात करून दर वेळी ऐकावे.

खरेदीविषयी थोडक्यात. आठ-दहा पातींचे कालिंबे खेळण्यात जमा होतात. त्यांत वर सांगितलेले षड्ज बदलणे साधत नाही, कारण सप्तक पुरे पडत नाही. एकवीस पातींच्या वाद्यात खालचे स्वर अधिक मिळतात, पण अंगठ्यांची धाव वाढते आणि नवशिक्याला ते नको. पारदर्शक ॲक्रिलिकचा कालिंबा छायाचित्रात देखणा दिसतो. कानाला मला तो कोरडा वाटला. भरीव लाकडी फळीचा आणि पोकळ पेटीचा, यांत पहिल्याचा आवाज लहान पण सर्व स्वरांत सारखा आणि दुसऱ्याचा मोठा पण एखाद-दुसऱ्या स्वरात घुमणारा असतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या सदनिकेत, रात्री घरातले झोपल्यावर वाजवायचे असेल, तर फळीचा घ्यावा. साधारण एक ते अडीच हजार रुपयांत सतरा पातींचे समाधानकारक वाद्य मिळते. भजनाच्या साथीला किंवा गाणाऱ्याला स्वर द्यायला म्हणून मात्र ते घेऊ नये. त्याचा आवाज चार माणसांतही दबतो आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंना पांढरी एकमध्ये बांधलेले वाद्य काय कामाचे?

पावसाळ्यात पोलादी पातींवर गंज धरतो, विशेषतः मुंबई-कोकणात आणि हाताला घाम येणाऱ्यांच्या वाद्यावर. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पाती पुसाव्यात, शिवणयंत्राच्या तेलाचे बोट महिन्यातून एकदा टोकांवरून फिरवावे आणि पिशवीत ओल शोषणारी एखादी पुडी टाकून ठेवावी.

एक इच्छा नोंदवून ठेवतो. शोनांचा म्बिरा ज्या पोकळ भोपळ्यात बसवून वाजवतात, तसा भोपळा वाळवून, कापून, त्यातून नाद काढण्याची विद्या आपल्या मिरजेत पिढ्यानपिढ्या आहे, आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिथल्या एखाद्या कारागिराने छोट्या भोपळ्यावर सतरा पाती बसवून पाहिल्या तर आवाजात काय फरक पडेल, हे ऐकायला मी चार-पाच हजार रुपयेही आनंदाने मोजीन. दरम्यान घरच्या वाद्यावर भैरव लावण्याचा खटाटोप चालू आहे. पांढरी एकच्या षड्जाने पाहिले तर ऋषभाच्या तीन आणि धैवताच्या दोन अशा पाच पाती अर्ध्या पायरीने उतरवाव्या लागतात, आणि पुन्हा भूपाकडे यायचे म्हटले की त्या सगळ्या चढवाव्या लागतात. वरचेवर असे करण्याने पाती सैल होण्याची भीती वाटते, म्हणून स्वस्तातला दुसरा कालिंबा घेऊन तो कायमचा भैरवात लावून ठेवावा असे मनात आहे. त्यासाठी टोकाच्या पाती थोड्या ठक्क वाजल्या तरी चालतील.